पांढरी राहिलेली पायरी

या, असे जवळ सरका. मागच्यांनी मागेच बसून राहू नका, गोष्ट काही चावत नाही. तुमच्या प्रत्येकाच्या आत जो बसला आहे, त्याला हात जोडून सुरुवात करू. आज एका लोखंडी जिन्याची कथा सांगायची आहे. चौदा पायऱ्या, एक कठडा आणि त्यावर दिवसभर भांडणारी दोन माणसं. गोडवा शोधायला आला असाल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं, या कथेत तो चिमूटभरच आहे, आणि तोही तळाशी.

एक घर होतं. मागच्या अंगणात पत्र्याची शेड, आणि शेडला लागून वरच्या खोलीत जाणारा जिना. शेडच्या एका अंगाला थोरला भाऊ रंगकाम करायचा, दुसऱ्या अंगाला धाकटा वेल्डिंग. दार एक, किल्ली एक, आणि ती थोरल्याकडे. दीड वर्षापूर्वी थोरला आजारात गेला आणि किल्ली त्याच्या बायकोच्या कमरेला आली. तिने किल्लीबरोबर ब्रशही उचलला. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, टाक्यांचे स्टँड, मिळेल ते घासून-रंगवून द्यायला लागली. घरात तिला सगळे थोरलीच म्हणायचे. आपणही तेच म्हणू.

धाकट्याला हे पहिल्या दिवसापासून खुपलं. भाऊ गेला तेव्हा चार माणसांत तो बोलून गेला होता, “पांढऱ्या पायाची आली आणि घर बसलं.” ते शब्द थोरलीने गिळले, पण पचवले मात्र नाहीत.

आणि दोन महिन्यांपूर्वी जिन्याच्या सहाव्या पायरीचा कोपरा खचला. सासूबाई गादी घेऊन उतरत होत्या. पाय आत गेला, घोट्याचं हाड मोडलं. धाकट्याने रागाच्या भरात ती पायरी कापून काढली, भंगारवाल्याच्या गाडीत भिरकावली, नवी जोडली आणि निकाल देऊन मोकळा झाला. पायरीत गंजून पडलेलं भोक लांबीने बुजवलेलं होतं. जिना शेवटचा रंगवला कोणी? थोरलीने. मग लांबी कोणाची? थोरलीची.

लांबी म्हणजे रंगाऱ्यांची ती मळलेल्या कणकेसारखी भर. भिंतीतल्या खाचा बुजवायला चांगली. माणसाचं वजन पडणाऱ्या पायरीत भरली, तर वरून गुळगुळीत आणि आतून दगा. थोरली सांगून थकली की गेल्या वर्षी मी जुन्या रंगावर नुसता नवा हात दिला, खाली काय आहे ते खरवडून पाहिलंच नाही. ऐकणाऱ्यांनी त्यातलं ‘पाहिलंच नाही’ एवढंच ऐकलं. जाळीची कामं येईनाशी झाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. नुसत्या प्लास्टरकडे बघत बसायच्या.

आता प्लास्टर निघालं होतं. दोन-तीन दिवसांत सासूबाई वरच्या खोलीत जाणार होत्या. धाकट्याने अंगणात उभं राहून अट घातली.

“जिना पुन्हा करायचा, मुळापासून, माझ्या डोळ्यांदेखत. आणि एक जरी भोक लांबीचं निघालं, तर किल्ली माझ्या हातात, आणि तुम्ही तुमचे डबे उचलून तोंड काळं करायचं.”

“तोंड काळं करायलाच बसलेय, भाऊजी,” पदर खोचत थोरली म्हणाली. “आधी लोखंडाचं. तुमचं सवडीने बघू.”

सासूबाई शेडच्या सावलीत खुर्चीवर होत्या, पाय स्टुलावर. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

थोरली वरून खाली घासत आली. पत्र्याच्या तुकड्याने पोपडे उडवायचे, मग तारेचा ब्रश, मग कपड्याने धूळ, मग थिनरचा फडका; गंजाचं औषध त्यानंतर. खालच्या दोन पायऱ्यांपाशी आली आणि तिथेच थबकली. त्या आरशासारख्या चमकत होत्या.

“हे कोणी केलं?”

“मदत केली,” ग्राइंडरची वायर गुंडाळत धाकटा म्हणाला. “तुमच्या त्या दात घासायच्या ब्रशने वर्ष गेलं असतं.”

“मदत! अहो, हे औषध गंजावर लावायचं असतं. गंजाला धरून ते त्याचं काळं, टणक कवच करतं. धरायला गंजच ठेवला नाहीत, तर ते काय तुमचं डोकं धरणार?”

“गंज ठेवायचा? ऐकलंस का आई? गंज काढायला आलेली बाई म्हणते, गंज ठेवा!”

“सुटा गंज काढायचा, घट्ट बसलेला ठेवायचा. तुमच्या भावानेच शिकवलंय मला.”

“माझ्या भावाचं नाव घेऊन काम करू नका. त्याचं नाव घेऊन काय केलंत ते त्या घोट्याला विचारा.”

चमकत्या दोन पायऱ्यांवर थोरलीने सरळ तांबड्या प्रायमरचा हात दिला आणि बाकीच्यांकडे वळली. डब्यातलं औषध वाटीत काढून घेतलं. गंजाला लागलेला ब्रश मोठ्या डब्यात बुडवला की सगळा डबा नासतो, ही तिची एक शिस्त. औषध दिसायला दुधासारखं. तांबूस पायरीवर ब्रश फिरला की पांढरं पसरायचं, मग कडेने निळसर व्हायचं, मग जांभळं, आणि अर्ध्या तासात पायरी तव्यासारखी काळी.

माणसाचंही असंच असतं बघा. आपल्या आतला गंज सगळाच खरवडून काढता येतो असं थोडंच आहे? थोडा राहतोच, आणि देवाची कृपा व्हायची ती त्या उरलेल्यावरच होते. पण असो. मूळ पदावर येऊ, नाहीतर तिकडे जिना वाळून जाईल.

दुपारपर्यंत बारा पायऱ्यांना पहिला हात बसला. थोरली पाणी पिऊन परत आली आणि खालून एकेक पायरी बघत वर चढू लागली. भिंतीकडच्या पट्टीवर तेवढं कोरडं ठेवलं होतं, पाय टाकायला. तिसरी काळी. चौथी, पाचवी काळी. सहावी धाकट्याने नवी बसवलेली, दोन महिन्यांत तिच्यावरही गंजाची साय धरली होती, तीही काळपट. सातवी काळी.

आठवी काळी, पण कठड्याकडच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग दुधासारखा पांढरा.

तिला आधी वाटलं, तेल राहिलं असेल. ती खाली बसली, पत्र्याच्या टोकाने डाग खरवडला. खाली तेल नव्हतं. तांबड्या प्रायमरमध्ये कालवलेली, हुबेहूब गंजाच्या रंगाची लांबी होती. तारेच्या ब्रशखाली तिने तिला गंज समजून घासलं होतं. तिने हातोडीचा दांडा पायरीवर ठोकला. भिंतीकडे ठण्ण वाजलं. डागावर ठोकला. धप्.

तिचा जीव कमरेच्या किल्लीपाशी गेला.

आणि मग तिला ती खूण दिसली. लांबीच्या कडेला अंगठ्याचा दाब, आणि त्यात नखाची एक नव्हे तर दोन रेघा, शेजारी शेजारी. तिचा नवरा लांबी वाळली का ते अंगठा दाबून बघायचा. त्याचं नख पोरवयातच हातोडीखाली मधोमध फाटलं होतं आणि तसंच फाटकं वाढलं होतं. त्या दोन रेघा तिने घरातल्या साबणावर पाहिल्या होत्या, खिडकीच्या चौकटीवर पाहिल्या होत्या. ओळखायला दुसरी नजर टाकावी लागली नाही.

एक हाक मारायची, खूण दाखवायची, की ती सुटली. आळ जाईल, किल्ली राहील, कामं येतील. आणि खाली खुर्चीवर बसलेल्या म्हातारीला कळेल की तिचं हाड तिच्या गेलेल्या लेकाने मोडलं.

“काय झालं? बसलात का?” धाकटा खालून ओरडला आणि चढायलाच लागला. तिने पटकन तळहात त्या खुणेवर ठेवला. पण पांढरा डाग तळहाताबाहेर उरलाच.

“पांढरं!” धाकट्याचा आवाज शेजारच्या भिंतीवरून आपटून परत आला. “आई, बघ! सगळा जिना काळा झाला, आणि हिने हात लावला तिथे पांढरं! मी उगाच म्हणत नव्हतो पांढऱ्या पायाची. लांबी आहे ही. बोला वहिनी, कोणाची?”

थोरलीने मोकळ्या हाताने कमरेची किल्ली सोडली आणि पायरीवर टाकली.

“माझी. घ्या. आता गप्प बसा.”

आता जिंकलेल्या माणसाने खाली उतरावं की नाही? पण धाकट्याला किल्लीने भागेना. त्याने ग्राइंडर ओढून घेतला. “हात काढा. कापून आईला दाखवतो काय भरलंय ते.”

“मी कापते. तुम्ही जा.”

“हात काढा म्हणतो ना!”

त्याने तिचं मनगट धरून बाजूला केलं, गुडघ्यावर बसला, ग्राइंडर सुरू केला, चकती खाली आणली. आणि बोटभर अंतरावर ती तशीच गरगरत राहिली. मग बटण बंद झालं. चकती हळूहळू थांबली. धाकटा त्या दोन रेघांकडे बघत होता. लहानपणी त्या अंगठ्याने त्याच्या पाटीवर अशाच दोन रेघा ओढल्या होत्या.

त्याने थोरलीकडे पाहिलं. तिने मानेनेच सांगितलं, नाही.

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला, आणि दोन क्षणांत खुणेची तांबडी भुकटी उडाली.

“काय निघालं रे?” सासूबाईंनी विचारलं.

“लांबी,” तो म्हणाला. “माझी आहे. मीच भरली होती, तेव्हा पत्रा नव्हता म्हणून.”

“काय बोलताय?” थोरली उसळली. “आत्ता मी सांगितलं ना, माझी आहे म्हणून?”

“तुम्हाला लांबी भरता तरी येते का? ढेकळं राहतात तुमची!”

“आणि तुम्ही? वेल्डरने लांबी भरली म्हणे! लोक हसतील.”

“हसू दे. माझा जिना, माझी आई, लांबी माझी!”

“दोन महिने माझ्या गळ्यात बांधलीत, आणि आज मी घेतली तर हिसकावताय? ती माझी आहे!”

“पुरे!” सासूबाई म्हणाल्या. खुर्चीचा हात धरून त्या उभ्या राहिल्या होत्या, बऱ्या पायावर. “आठवी ना? कठड्याकडचा कोपरा?”

वरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुम्ही लपवताय कोणापासून? सहावी आणि आठवी. तोच सांगून गेला मला. आई, या दोन पायऱ्यांवर पाय भिंतीकडून टाक, कठड्याकडे नको. दोन वर्षं तशीच चढले-उतरले. त्या दिवशी हातात गादी होती, मोजायचं राहिलं.”

“मग सांगितलं का नाही?” धाकट्याचा आवाज खाली आला होता.

“काय सांगू? पत्रा तुझ्याकडे होता, वेल्डिंग तुझ्याकडे. तेव्हा तू त्याच्याशी बोलत होतास? आठ महिने तोंड फिरवून एकाच शेडमध्ये बसत होतात. तो आजारी, तुझ्याकडे जाऊन पत्रा माग म्हटलं तर म्हणाला, लांबी भरतो, बरा झालो की बघू.”

धाकट्याने ग्राइंडर खाली ठेवला. त्याची मघाची बढाई, ‘लांबी माझी’, आता त्याच्याच अंगावर नीट बसत होती.

पण थोरलीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती सासूबाईंकडे बघत होती.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “दोन महिने. लोक मला काय काय बोलले, ते या खुर्चीत बसून ऐकत होतात. आई, एक शब्द? एक?”

म्हातारीने नजर हलवली नाही.

“तू जिवंत आहेस, थोरले. तू भांडू शकतेस. रोज भांडतेस, बघते मी. त्याच्यावर आळ आला असता तर तो कुठून येणार होता भांडायला?”

थोरलीने वाटीतलं उरलेलं औषध बघितलं, साय धरली होती. ते तिने फेकून दिलं.

“आठवीला पत्रा बसेपर्यंत वर जायचं नाही,” ती म्हणाली. “पत्र्यानंतर पुन्हा हात, मग एक दिवस वाळवण, मग प्रायमर. आणि जिना होईपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही. दोघांनीही.”

“आणि लोकांना?” धाकट्याने विचारलं.

“लोकांना तुम्ही सांगायचं. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझं नाव त्यात आलं तर तुमच्या ग्राइंडरची वायर कापून टाकीन.”

पायरीवरची किल्ली त्याने उचलली, उलटसुलट पाहिली, आणि तिच्या रिकाम्या वाटीत टाकली.

“गंजलीय,” तो म्हणाला. “लावा तुमचं औषध.”

तेवढंच. माफी नाही, पाया पडणं नाही. त्या घरात पुढेही भांडी आपटत राहिली, आणि दीर-भावजय एकमेकांना टाकून बोलत राहिले. पण त्या संध्याकाळी आठव्या पायरीवर धाकट्याने जाड पत्रा जोडला, आणि फाटकवाल्याला, जाळीवाल्याला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला स्वतः जाऊन सांगितलं की जिन्यातली लांबी त्याच्यामुळे भरली गेली होती. खोटंही नव्हतं ते.

आता उठण्याआधी एवढं करा. पुढे कधी लोखंडाच्या पायरीवर पाय ठेवाल आणि ती खणखणीत वाजेल, तेव्हा त्या थोरलीची आठवण काढा. जिवंत होती, भांडू शकत होती, म्हणून दुसऱ्याचा आळ जिने वाहिला, आणि सुटायची खूण हाताखाली आली तेव्हा जिने त्यावर तळहात ठेवला. तिला कोणी बरं म्हटलं नाही. तुम्ही म्हणा.