फुटक्या बशांचा बाक

मला एक सांगा, माणसाला लाज म्हणून काही असते की नाही?

आमचे प्रतापराव हो! इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये आमच्याच गल्लीत राहतात. घरांचे नियम ठरवणाऱ्या एचओए कमिटीचे प्रेसिडेंट. जानेवारीत त्यांनी मराठी मंडळात बार्सिलोनाच्या ट्रिपचे फोटो दाखवले. फुटक्या काचा, फुटक्या फरश्या लावून सजवलेली तिथल्या कासा बाय्यो नावाच्या जुन्या घराची भिंत बघून प्रतापरावांचे डोळे पाणावले होते म्हणे. त्याच आर्किटेक्टच्या कासा मिला ह्या इमारतीचा एक खांब फुटपाथवर आला म्हणून म्युनिसिपालिटीने त्याला किती छळलं, ते सांगताना तर टेबलावर हात आपटला. "कलेची अक्कल नसलेले लोक, दुसरं काय!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

माझी रीमा मागे बसली होती. इथेच जन्मलेली, आर्किटेक्ट, पण ऑफिसात दिवसभर पार्किंग गॅरेजच काढते. घरी येऊन म्हणाली, "आई, आय वॉन्ट टू मेक वन थिंग दॅट्स माइन."

घरापुढच्या झाडाखाली बाक करायचा ठरला. त्यावर तसेच तुकडे बसवायला फुटक्या कपबशा हव्या होत्या. आपल्याकडे तडा गेलेला कप घरात ठेवत नाहीत, पण इकडे आणलेली वस्तू टाकवतही नाही, म्हणून सगळ्यांच्या गॅरेजात खोकी पडलेली. मी ग्रुपवर मेसेज टाकला आणि पिशव्याच्या पिशव्या आल्या. प्रतापरावांच्या बायकोने, नंदानेही रुखवतातला निळा टी-सेट दिला. सामान इकडे येताना फुटला होता बिचारीचा.

काय देखणा बाक झाला हो! पोस्टमनसुद्धा टेकायला लागला. रीमा कित्येक महिन्यांनी कामावरून हसत घरी यायला लागली.

आणि एक दिवस प्रतापराव दारात. "शरयूवहिनी, कमिटीने ठरवलंय. फ्रंट यार्डात बेज नाहीतर ग्रे रंग, बाकी काही चालत नाही. शनिवारी माणूस येऊन तोडेल."

"पण काका, तुम्हीच तर त्या दिवशी..." रीमा म्हणाली.

"अगं, ते बार्सिलोना! इथे घरांचे भाव पडतात."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तिकडे तिकीट काढून, रांगेत उभं राहून फोटो काढायचे, आणि इथे आपल्या पोरीने केलं की घण घालायचा?"

प्रतापराव नियम नियम करत निघून गेले. रीमाने आपली हत्यारं पुसली, खोक्यात भरली आणि खोकं माळ्यावर टाकलं. ते बघून मला रडू आलं.

शनिवारी प्रतापराव घणवाल्याला घेऊन हजर. मी ओढणी खोचून बाहेर आले, तर माझ्याआधीच नंदा तरातरा आली आणि बरोब्बर निळ्या तुकड्यांवर बसली.

"नंदा, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत! हा माझ्या आईने दिलेला सेट आहे. इतकी वर्षं तुम्ही त्याला कचरा म्हणालात, मी गप्प बसले. एकदा फुटलाय तो. परत फोडायचा असेल तर आधी मला उचला."

घणवाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा प्रतापरावांकडे पाहिलं, घण ट्रकमध्ये टाकला आणि गाडी सुरू केली. रीमा धावत घरात गेली ती माळ्यावरून खोकं काढायलाच.

प्रतापराव उन्हात घाम पुसत उभे. मी म्हटलं, "बसा की, प्रतापराव. इथे तिकीट लागत नाही."