ढिल्या दोराची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. चार पाय, चार दांड्या आणि मधे अंबाडीच्या दोराची वीण, एवढाच माझा देह. लाकूड मोहाचं. सावली तालुक्याकडच्या धानपट्ट्यातल्या एका लहानशा गावात पत्रू वाढयानं, म्हणजे सुतारानं, मला घडवलं. तो दर ठोक्याला 'विठ्ठल' म्हणायचा. त्या नावामुळेच की काय, माझा एकही सांधा आजवर कुरकुरला नाही.

मला नेलं रामाजीनं. रामाजी म्हणजे गावच्या भजनी मंडळाचा म्होरक्या. एकादशीला देवळात कीर्तन झालं की बुवांचा मुक्काम त्याच्या घरी आणि बुवांची पाठ माझ्यावर. एकदा सकाळी उठून बुवा म्हणाले, "रामाजी, तुझ्या बाजेवर झोपलं की आईच्या मांडीवर झोपल्यासारखं वाटतं बघ." मित्रांनो, एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही. अजून आठवलं की वीण सुखावते.

माझ्याखाली काबऱ्या झोपायचा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, एक कान फाटलेला. रामाजीच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, त्याला पेजेवर वाढवलं होतं. कीर्तनालाही तो हजर असे. बुवांनी सूर चढवला की हाही मान वर करून आपला सूर लावी. लोक हाकलायला धावत, पण बुवा म्हणत, "राहू द्या हो. साथीला माणसं कमीच आहेत आपल्याकडे."

आता माझ्या दोषाचं सांगते. वापरानं बाजेचा दोर सैल पडतो. महिन्या-दीड महिन्यानं पायथ्याकडून तो ओढून ताणावा लागतो. सुगंधाबाई रोज म्हणे, "अवो, बाजेचा दोर ताना ना. पाठ जमिनीले टेकून राह्यली."

"उद्या तानतो."

"तुमचा उद्या पंचांगात काई सापडत नाई!"

अशात देवळातले टाळ चोरीला गेले, पाचही जोड्या. रामाजीला जेवण गोड लागेना. त्यानं कोतवालाहाती ठाण्यात खबर पाठवली. तिसऱ्या दिवशी दुपारी गुणवंतराव जमादार आणि शिपाई बिरजू चालत आले. रस्ता जंगलाचा, म्हणून बिरजूच्या खांद्याला बंदूक होती आणि हातात लाठी.

सरकारी माणूस दारात आला की त्याला बाजेवर बसवायचं, ही आमच्याकडची रीत. मी अंगणातल्या निंबाखाली होतेच. सुगंधाबाईनं लगबगीनं घोंगडी अंथरली. तिचे काठ खाली लोंबले आणि माझ्याखाली निजलेला काबऱ्या झाकून गेला. गडबडीत तो कुणाच्या ध्यानातच आला नाही. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं?

"बसा साहेब."

जमादार अंगानं भरलेले. ते धप्पकन बसले आणि माझी वीण सरळ काबऱ्याच्या पाठीवर गेली. तो केकाटला आणि समोर दिसली ती पोटरी त्यानं धरली. नशीब, पोटरीला खाकी पट्टी गुंडाळलेली होती. दात कापडातच रुतले. जमादार ताडकन उठले, तशी पट्टी सर्रकन उलगडत गेली.

शेजारचा भैयाजी कुंपणापाशी उभा होता. त्याला राहवेना. "साहेब, टाळ त्याच्याजवळ नाईत. त्याची झडती कायले घेता?"

माणसं हसली. मित्रांनो, ते हसणं फार महागात पडलं.

"हसता?" जमादार लाल झाले. "पिसाळलेलं कुत्रं पाळता अन् वरून हसता? बिरजू, हान त्याले!"

पहिला फटका माझ्या दांडीवर बसला. तो खळगा अजून आहे. दुसरा काबऱ्याच्या मागच्या पायावर बसला. असा आवाज मी फक्त वाळलं लाकूड मोडताना ऐकला होता. काबऱ्या सरपटत पुन्हा माझ्याखाली, एका पायाशी गेला आणि तिथूनच दात दाखवू लागला.

"बाहेर येत नाई त बंदूक भर," जमादार म्हणाले.

सुगंधाबाई धावत आली. तिनं माझी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "साहेब, पिसाळला नाई तो. आताच पानी पिला. हे पाहा, भांडं वल्लं हाय अजून!"

"बाजूला व्हय, बाई. गोळी लागली त मी जिम्मेदार नाई." मग ते रामाजीकडे वळले. "काय रे, कुत्रं पाह्यजे का टाळ? सांग लवकर."

बिरजूनं बंदुकीत काडतूस सरकवलं, तो खट्ट आवाज झाला. माझा जीव दोरादोरात अडकला. ओरडून सांगावंसं वाटत होतं, 'अरे, मी ढिली आहे! त्याचा काय गुन्हा?' पण लाकडाची हाक कुणाला ऐकू जाते?

रामाजीनं डोक्याचं पागोटं काढून बाजूला ठेवलं. तो जमिनीवर आडवा झाला, सरपटत माझ्याखाली शिरला आणि त्यानं काबऱ्याला पोटाशी घेतलं. खालून आवाज आला, "साहेब, आता बसा."

"हे काय नाटक लावलं?"

"नाटक नाई, साहेब. दोर मी तानला नाई. चूक माही हाय. तुमी फकत बसा. मी चावलो त मले गोळी घाला."

या वेळी कुणी हसलं नाही.

बिरजूनं बंदूक उतरवली, निंबाला टेकवली आणि माझ्या विणीवर तळवा दाबला. वीण रामाजीच्या नाकाला जाऊन टेकली.

"लई ढिली हाय, साहेब," तो हळूच म्हणाला.

जमादारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाली लोंबणाऱ्या पट्टीकडे. मग वाकून पट्टी गुंडाळत म्हणाले, "काडतूस काढ." पंचनामा त्यांनी उभ्यानंच लिहिला. चुकलं, असं काही ते बोलले नाहीत. जाताजाता बिरजू तेवढा थबकला. "बाई, बांबूच्या कांब्या लावून पाय बांधा त्याचा," म्हणाला आणि खाली मान घालून निघून गेला.

टाळ शेवटपर्यंत सापडले नाहीत. पुढच्या एकादशीला लोकांनी नुसत्या टाळ्यांवर भजन केलं आणि पांडुरंगानं तेही गोड मानून घेतलं असणार.

जमादार येऊन गेले त्याच संध्याकाळी रामाजीनं माझा दोर मृदंगासारखा ताणला. आता माझ्याखाली दोन काबऱ्या मावले असते. पण काबऱ्याचा पाय वाकडाच जुळला आणि माझ्या सावलीला तो पुन्हा आला नाही. भर उन्हात भिंतीला चिकटून पडायचा. खाकी कपड्यातला डाकवाला जरी दारात आला तरी लटलटा कापायचा. रामाजी दुपारी माझ्याशेजारी भुईवर बसून त्याला चुचकारी, "ये ना रे बाबा, ये." काबऱ्या शेपूट हलवी, पण उठत नसे. पाच उन्हाळे असेच गेले. मग एक दिवस भिंतीजवळची ती जागाही रिकामी झाली.

मित्रांनो, मुका जीव चावला तर तो का चावला, हे आधी पाहत जा. तुमच्या हातात उद्या लाठी येईल, कुणाच्या हातात हुकूम येईल, तेव्हा तर नक्कीच पाहा. फटका मारायला बिरजूला एक श्वास पुरला. काबऱ्याची भीती जायला मात्र त्याचं उरलेलं सगळं आयुष्य अपुरं पडलं.