पायरीवरचा पेला

दुपारची जेवणं आटोपली की धाकटी सून भांडी घासून पालथी घालायची. सुकली की सगळी फळीवर जायची, एक पेला सोडून. पोचा आलेला, काठाशी काळवंडलेला तो पेला मागच्या दाराबाहेर, खिडकीच्या कठड्यावर राहायचा. तो तिच्या आईचा होता. तोही धाकटीच घासायची, शेवटी, वेगळ्या चोथ्याने.

घर रेशमी कापडाच्या व्यापाऱ्याचं होतं. फार मोठं नव्हतं, पण नाक मात्र भलतंच मोठं. धाकटीची आई रेशीम गिरणीत कामाला होती. उकळत्या पाण्यात कोश टाकायचे, टोक सापडलं की धागा ओढत राहायचा. धागा संपला की आतली उकडलेली अळी उरते. गिरणीतल्या बायका ती मीठ-तिखट लावून तव्यावर कुरकुरीत परततात आणि मधल्या सुट्टीत तव्याभोवती बसून मिटक्या मारत खातात. चवीला भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागते म्हणे. धाकटी त्यावरच लहानाची मोठी झाली होती. शाळेतून घरी येताना तो खमंग वास आला की तिला कळायचं, आज आई लवकर आलीय.

दुकानासाठी रेशीम न्यायला गिरणीत येणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाचा तिच्यावर जीव जडला. घरच्यांनी आढेवेढे घेत होकार दिला, पण अट घातली. ते खाणं या घरात येणार नाही, आणि ते खाणाऱ्या हाताला घरातलं भांडं मिळणार नाही. धाकटीने मान डोलावली. प्रेमात पडलेलं माणूस कशालाही मान डोलावतं, आणि मग जन्मभर मान खाली घालून चालतं.

तेव्हापासून तिला दोन आया झाल्या. एक ‘अहो आई’, दुसरी ‘अगं आई’. अहो आई वाईट नव्हत्या, हेही सांगायला हवं. बाळंतपणात त्यांनी सुनेच्या उशाशी रात्री जागून काढल्या होत्या. पण पाहुण्यांनी परदेशातून आणलेलं बुरशी आलेलं चीज ज्या टेबलावर सगळ्यांनी ‘वा, वा’ करत खाल्लं, आणि त्याच्या वासाने मांजरसुद्धा उठून गेलं, त्या टेबलाजवळ अगं आईला खुर्ची नव्हती. महागाची घाण असली की तिला चव म्हणतात, गरिबाची चव असली की तिला घाण म्हणतात. हा न्याय कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी घरोघरी पाळला जातो.

गिरणीला सुट्टी असली की अगं आई यायची. पुढच्या दाराने नाही, मागच्या गल्लीतून. पायरीवर बसायची, कठड्यावरचा पेला स्वतःच उचलायची, नळाचं पाणी प्यायची आणि नात बाहेर यायची वाट बघायची. नातीचं लाडाचं नाव चिमणी. आजीजवळ बसून आली की चिमणीला अंगणातल्या नळावर चूळ भरावी लागे, हात कोपरापर्यंत धुवावे लागत, मगच आत यायचं. धाकटीनेच तिला ते शिकवलं होतं. उगाच वाद नको म्हणून.

एका सुट्टीच्या दिवशी आजीने चिमणीचा गाल कुरवाळायला हात पुढे केला. चिमणी दोन पावलं मागे सरली, नाक दाबून धरलं आणि म्हणाली, “आजी, तू लांब बस ना. घाण वास येतो.”

अगं आई हसली. पाण्यात भिजून भिजून सुरकुतलेली बोटं तिने पदराखाली घेतली आणि विचारलं, अभ्यास कसा चाललाय. धाकटी दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि मूग गिळून बसली.

त्यानंतरच्या खेपेला अगं आई साबणाने हात खसाखसा घासून आली. पुढच्या खेपेला तर अंगाला कुठलंसं स्वस्त अत्तर लावून आली. चिमणी तरी जवळ गेली नाही. मग तिचं येणं विरळ झालं आणि एक दिवस थांबलंच. पेला कठड्यावर तसाच राहिला. त्यात पाला पडू लागला. घरात कुणालाच काही जाणवलं नाही. धाकटी मात्र भांडी घासताना रोज त्याच्याकडे बघायची. माणसांनी भरलेल्या त्या घरात तिला बोलायला कुणी नव्हतं. नवऱ्याजवळ विषय काढला तर तो म्हणाला, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला करतेस.

शेवटी न राहवून एका दुपारी ती गिरणीत गेली. मधली सुट्टी झाली होती. बायका तव्याभोवती गोल करून बसल्या होत्या, हसणं-खिदळणं चाललं होतं. त्यांच्यात आई नव्हती. ती पार टोकाला, रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर एकटीच बसली होती. हातात पाव होता, तो काळ्या चहात बुडवून खात होती. एक जुनी मैत्रीण धाकटीला म्हणाली, “तुझी आई हल्ली मोठी झालीय बाई. आमचं खाणं तिला चालत नाही.”

धाकटी आईजवळ जाऊन बसली.

“हे काय गं?”

“सोडलं मी ते,” आई म्हणाली. “पोरगी जवळ यायला नको का? वाटलं, सोडलं तर वास जाईल. पण नाही गेला. हातात मुरलाय, गिरणीचाच असेल.” मग पाव चहात बुडवत म्हणाली, “आता पाव आवडतो मला.”

धाकटीचा जीव तुटला. एका पोरीच्या नाकासाठी आईने तोंडचा घास सोडला होता, आणि त्या घासाबरोबर सोबतही गेली होती. सासरच्यांनी तिला घराबाहेर ठेवलं होतं. इथे ती आपणहून तव्याभोवतीच्या गोलातून बाहेर पडली होती. आणि ते नाक दाबायला शिकवलं कुणी? आपणच की.

ती उठली, तव्यावरून मूठभर अळ्या कागदात घेऊन आली. पहिला घास तिने स्वतः खाल्ला. लग्नानंतरचा पहिला. दुसरा आईच्या तोंडाजवळ धरला.

“आ कर.”

आईने मान फिरवली. मग तोंड उघडलं. खाता खाता आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

संध्याकाळी गिरणी सुटल्यावर धाकटी आईला हाताला धरून पुढच्या दाराशी घेऊन आली. अहो आई दारातच होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मागून या.”

धाकटीने हुज्जत घातली नाही. आईला घेऊन ती वळसा घालून मागे गेली, पायरीवर शेजारी बसली. कठड्यावरचा पेला घेतला, पाला झटकला, विसळला, नळाचं पाणी भरून आधी स्वतः प्याली आणि मग आईला दिला. अहो आई स्वयंपाकघरातून मागच्या दारात आल्या होत्या.

“मीही आज तेच खाल्लंय, अहो आई,” ती म्हणाली. “अट सगळ्यांना सारखीच. आजपासून माझंही पाणी याच पेल्यात आणि जेवण याच पायरीवर.”

आई तिचा हात ओढत होती, नको गं, नको गं, म्हणत होती. नवरा दुकानातून आला, त्याने समजूत घातली, गल्लीतल्या लोकांची आठवण करून दिली. समोरच्या खिडक्या खरंच उघडल्या होत्या. धाकटी उठली नाही. भीती तिलाही वाटत होती. पण भीतीपोटी गप्प बसून जे काही वाचवलं होतं, त्याची किंमत तिने त्या पोत्यांच्या ढिगावर बघितली होती.

गडबड ऐकून चिमणी बाहेर आली. उंबऱ्यात थबकली. आधी आजीकडे बघितलं, मग आईकडे.

“आई, तूसुद्धा ते खातेस?”

“हो. तुझ्याएवढी होते तेव्हा रोज खायची. तुला पाजायची तेव्हाही मी तीच होते.”

चिमणीने वाकून पेल्याकडे बघितलं. मग मान वर करून अहो आईंना तिने अगदी साधेपणाने विचारलं, “आजी, मग माझा पेला कुठला? आतला की बाहेरचा?”

ज्या नातीला अहो आईंनी या घरातल्या चांदीच्या वाटीने भरवलं होतं, ती पायरीच्या बरोबर वर उभी राहून उत्तराची वाट बघत होती. आत फळीवर भांडी ओळीने पालथी पडली होती. बाहेर पायरीवर एकच पेला होता, आणि त्यातलं पाणी अजून अर्धं होतं.

वाचणाऱ्यांनो, अहो आईंनी काय उत्तर दिलं ते मी सांगणार नाही. तुमच्या घराच्या मागच्या दाराशी एकदा जाऊन या. तिथे कठड्यावर एखादा पेला असेल, तर त्या पोरीला काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा.