पिवळी जाळी

'माणसाच्या जिवापेक्षा मोठे या जगात काही नाही' हे वाक्य दालमिलच्या फाटकावर दोन फुटी अक्षरांत रंगवलेलं होतं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एवढं उदात्त फाटक दुसरं नव्हतं. फक्त रंगाऱ्याला जागेचा अंदाज आला नाही, त्यामुळे 'काही नाही' एवढेच शब्द खाली, कुलपाजवळ, सुटे पडले होते.

त्याच फाटकात तोतारामनाना सकाळी नऊपासून फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते. पुण्याहून ऑडिटरबाई यायच्या होत्या. सत्तावीस वर्षं नाना दोरा, खिळे आणि ग्रीस सांभाळणारे स्टोअरकीपर. मागच्या वर्षी परदेशी गिऱ्हाइकाने तूरडाळीच्या आधी आयएसओ ४५००१ हे कामगारांच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा राजदीपशेठनी नानांना बोलावलं.

"नाना, आजपासून तुम्ही सेफ्टी ऑफिसर."

"म्हणजे काय करायचं, शेठ?"

"काही होऊ द्यायचं नाही. झालं तर लिहायचं नाही."

फाटकाच्या आत 'अपघाताविना दिवस' असा फळा होता. त्याच्यावरचा आकडा रोज झिपरू बदलायचा.

"नाना, आज कितला लिखू?"

"काल किती होता?"

"तीनशे अकरा."

"मग झालं तर."

झिपरूने तीनशे बारा लिहिलं. खडू तो डाव्या हातात धरायचा. उजव्या हाताची दोन बोटं त्याच फळ्यावरच्या दोनशे पाचाव्या दिवशी मशीनच्या पट्ट्यात गेली होती.

ती नानांमुळे गेली. पट्ट्यावरची लोखंडी जाळी अकरा वर्षं गंजत तिथेच होती आणि अकरा वर्षं कुणाला काही झालं नव्हतं. पण ऑडिटसाठी फोटो पाठवायचे, तर जाळी पिवळीधमक हवी. नानांनी ती काढून घेतली, स्टोअरमध्ये रंगवली. तिकडे ऑर्डर तातडीची, मशीन थांबवायची नाही. तिसऱ्या दिवशी झिपरूने नेहमीच्या सवयीने पट्ट्याखालची डाळीची चुणी झटकायला हात घातला. रंग ओला होता म्हणून जाळी लावता आली नाही, असं नाना सगळ्यांना सांगत. स्वतःलाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर शून्य लिहायला हवं होतं. त्यांनी दोनशे सहा लिहिलं. हजेरीपुस्तकात झिपरू चुलतभावाच्या लग्नाला बेचाळीस दिवस रजेवर गेला. एवढं लांबलेलं लग्न खानदेशात कुणी पाहिलं नसेल. परतल्यावर शेठनी त्याला हलकं काम दिलं: फळा.

कामगार विमा कार्यालयाला पाठवायचा फॉर्म मात्र नानांनी अपघाताच्याच दिवशी भरला होता. तो गेला असता तर झिपरूला जन्मभर पेन्शन लागली असती. "ऑडिट होऊ द्या, मग बघू," शेठ म्हणाले, आणि फॉर्म ग्रीसच्या डब्याखाली गेला. आज मात्र तो घडी करून नानांच्या शर्टाच्या खिशात होता. बाईंपुढे ठेवायचा, नोकरी जायची तर जाऊ दे, असं त्यांनी आंघोळ करताना ठरवलं होतं. फक्त 'अपघाताचे कारण' हा रकाना अजून कोरा होता.

ऑडिटर सुलक्षणा मॅडम अकराला आल्या. सगळं हिंडून त्या पट्ट्यापाशी थांबल्या.

"जाळी छान आहे हो. नवीन?"

"रंग नवीन आहे," नाना म्हणाले.

मॅडमनी जाळीचा फोटो काढला. मग ऑफिसात बसून अपघात नोंदवही उघडली. ती वही दुकानातून आणल्यासारखी कोरी होती.

"वर्षभरात कुणाला खरचटलंसुद्धा नाही?"

नानांचा हात खिशाकडे गेला. शेठ बशीत चहा ओतत होते.

"मॅडम, एक..." नानांनी सुरुवात केली.

"पाणी, मॅडम." झिपरू ट्रे घेऊन दारात उभा होता. मॅडमची नजर त्याच्या हातावर गेली.

"हाताला काय झालं तुमच्या?"

शेठची बशी अधांतरी राहिली.

"घरी झालं, मॅडम," झिपरू त्याच्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाला. "कडबाकुट्टीत. म्हशीला चारा कापत होतो."

झिपरूकडे म्हैस नव्हती. एक बकरी होती, तिला कडबा कापून द्यावा लागत नसे.

"आणि तरी तुम्ही यांना कामावर ठेवलंत!" मॅडम शेठना म्हणाल्या.

"माणुसकी हो, दुसरं काय," शेठ म्हणाले आणि त्यांनी चहा प्यायला.

मॅडमनी ते लिहून घेतलं. ठळक चांगल्या बाबी, मुद्दा पहिला. मुद्दा दुसरा जाळीचा होता.

त्या गेल्यावर नानांनी झिपरूला गोदामामागे गाठलं.

"खोटं का बोललास रे? मी सांगणार होतो. हा बघ फॉर्म."

"तुम्ही खिसामा हात घातला ना, तवयच समजनं मले."

"मग?"

"मग काय नाना! जाळी तुम्ही काढाले लायी व्हती, हाई बठ्ठा लोकसले माहीत शे. तो कागद गया तर तुम्हलेच धरतीन. शेठले कोण धरस?"

"अरे, पण तुझी पेन्शन..."

"मले कामले तुम्हीच लायं ना," झिपरू म्हणाला. जणू तेवढ्यात सगळं फिटलं होतं. मग हसून म्हणाला, "म्हैसनं कसं वाटनं?"

नानांना हसता आलं नाही. मॅडमच्या अहवालात बोटं आता घरच्या कडबाकुट्टीत गेली होती. यापुढे फॉर्म पाठवला तर खोटा ठरणार होता झिपरू. त्यांनी फॉर्म परत ग्रीसच्या डब्याखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फळ्यापाशी आले तेव्हा झिपरू खडू घेऊन उभा होता.

"नाना, आज कितला लिखू?"

खरा आकडा नानांना पाठ होता. एकशे सात.

"काल किती होता?" नानांनी विचारलं.

झिपरूने डाव्या हाताने तीनशे तेरा लिहिलं आणि खडू डब्यात टाकला. खडूंसाठी त्याने जाळीच्या रंगाचा रिकामा डबा घेतला होता. डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं: सुकण्यास लागणारा वेळ आठ तास.