मोबदल्याची भाषा

साच्यात किती लोखंड ओतावं हे सांगणारं सॉफ्टवेअर अल्ताफने लिहिलं आणि फौंड्रीवाल्यांना मोफत खुलं केलं. त्यांच्या अडचणी सोडवता सोडवता त्याची पोटापाण्याची कामं मात्र सुटत चालली होती. आज फोनवर एकाच्या बिघडलेल्या ओतकामाची तक्रार ऐकून घेतल्यावर त्याने अडखळत प्रथमच मोबदला मागितला.

“फुकट हाय म्हणून तर घेतलं की, पावणं,” शिरोलीचा कारखानदार हसला आणि त्याने फोन ठेवला.

“राहू द्या की त्याचं अडलेलं,” अल्ताफची पत्नी इरम चिडून म्हणाली.

“सॉफ्टवेअरच्या गणितातली चूक माझी आहे, इरम. उद्या दुसऱ्याचंही ओतकाम वाया जाईल.”

तो पुन्हा पडद्यासमोर वाकला. इतकं देऊनही मागताना लाजणाऱ्या त्या माणसाकडे इरम भरल्या मनाने पाहत राहिली. शिरोलीहून पुन्हा फोन आला, तेव्हा तो तिनेच उचलला.

“दुरुस्ती चाललीया, दादा. पैशाचं मातर माझ्याशी बोलायचं.”