फाटक उघडल्यावर

गोजाबाईंनी फाटकाच्या कुलपावर दगड घातला, तो निसटून त्यांच्याच अंगठ्यावर बसला. त्यांनी अंगठा क्षणभर तोंडात धरला, दगड दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा मारला. मागे रिक्षात त्यांची सून पूनम आडवी पडली होती. तिला आठवा महिना होता, सकाळपासून रक्त जात होतं आणि दवाखाना रुळांच्या पलीकडे होता.

फाटकाला लागूनच गेटमनची केबिन होती आणि केबिनला लागून संपकऱ्यांचा मांडव. मांडवात मागच्या बाजूला समाधान बसला होता. हे फाटक त्याचं. कुलपाची किल्ली त्याच्या खिशात होती आणि दगडाचा प्रत्येक घाव त्याला मांडीवर बसल्यासारखा वाटत होता.

आदल्या दिवशी लोकलचे ड्रायव्हर संपावर गेले, आज सकाळी फाटकवाले. मांडवावर बुद्धभूषणचा फोटो लावला होता. घाटाकडच्या फाटकावर बारा तासांच्या ड्यूटीत त्याचा डोळा लागला, फाटक उघडं राहिलं आणि गाडीखाली टेम्पोतली माणसं गेली. बुद्धभूषण तुरुंगात गेला. त्याच्यावरचा खटला मागे घ्या आणि ड्यूटी आठ तासांची करा, एवढंच मागणं होतं. समाधान आणि बुद्धभूषण एकाच वेळी भरती झाले होते, एका खोलीत राहिले होते. बुद्धभूषणच्या बायकोला तोंड दाखवायचं म्हणजे समाधानच्या जिवावर यायचं.

आता फाटकावर माणूस नसला की ते रस्त्याला बंद आणि रुळांना मोकळं ठेवायचं, असा नियम. त्यामुळे मजा अशी झाली होती की रुळांवरून चिटपाखरू जात नव्हतं आणि रस्ता मात्र अडून बसला होता. लोकलची सगळी माणसं दुचाक्या काढून रस्त्यावर आलेली. पूल तुंबला, म्हणून लोक फाटकाकडे वळले आणि कधीतरी उघडेल या आशेवर दोन्ही बाजूंना हॉर्न वाजवत उभे राहिले.

समाधान उठून फाटकापाशी आला.

"किल्ली तुझ्यापाशी हाय, समाधान. मला ठावं हाय."

"मावशी, पुलावरून न्या की ओ."

"पुलावरनंच माघारी आलोय. मुंगी शिरंना तिथं."

"तुमचा रणजीत कुठंय?"

"चाकणला, कंपनीत. दुसऱ्या पाळीची माणसं आलीच न्हाईत, म्हणून पहिलीवाल्यांना सोडंनात. तुमच्या संपापायी."

'तुमच्या' हा शब्द समाधानला लागला. गोजाबाईंचं घर फाटकाला खेटून होतं. मागच्या वर्षी तो तापाने फणफणला होता, तेव्हा पूनमने आठवडाभर त्याला पेज करून पाठवली होती. त्याचं स्वतःचं बिऱ्हाड परभणीकडे, गावी. इथे घरचं म्हणावं असं हेच एक दार होतं.

त्याने रिक्षात डोकावून पाहिलं. पूनमचे ओठ पांढरे पडले होते. तिने ओळखलं त्याला.

"दादा, उघडा ना," ती एवढंच म्हणाली.

"फाटकाखालनं वाकून पलीकडं नेऊ का हिला उचलून?" त्याने रिक्षावाल्याला विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलंय, अजिबात हलवू नका. आणि पलीकडं नेऊन ठेवायचं कशात? त्या गर्दीतनं कोण गाडी वळवंल?"

समाधान वळला तर मागे दौलतराव उभे होते. संघटनेतले सर्वांत जुने. आवाज कधी न चढवणारा माणूस, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळे ऐकत.

"त्या कुलपाला तू हात लावलास ना, की ते सांगणार, हे गेट चालू झालं. मग पुढचं चालू होणार. मग त्याच्या पुढचं. संध्याकाळपर्यंत संपाचं भजं होईल, भावा."

"कळतंय, दौलतदादा."

"आणि नंबर घेतलास स्टेशनातून? रुळांवर काही नाही, असं सांगणारं कोण आहे तिथं? साहेब लोक स्वतः इंजिन काढणार, असं सकाळपासून कानावर येतंय. बुद्धभूषणच्या शेजारची कोठडी रिकामीच असेल."

समाधान केबिनमध्ये गेला. फाटक उघडण्याआधी स्टेशनला फोन करायचा, त्यांनी गाडी नसल्याचा नंबर द्यायचा, मगच हँडलला हात लावायचा. इतक्या वर्षांत हे त्याने एकदाही चुकवलं नव्हतं. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. उचलणार कोण, उचलणारेही मांडवातच बसले होते.

तो बाहेर आला. रुळांच्या मधोमध उभं राहून त्याने दोन्हीकडे नजर जाईल तिथवर पाहिलं. दोन्हीकडे ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. त्याला भीती वाटली. मग त्याने किल्ली काढली.

दौलतरावांनी त्याला अडवलं नाही. मांडवात जाऊन ते फाटकाकडे पाठ करून बसले. कुणीतरी मोबाइल काढून समाधानचं चित्रण करत होतं.

हँडल फिरलं, फाटक वर गेलं, आणि समाधानला आपली चूक कळली.

आपल्याकडे फाटक बंद असलं की माणसाला रांग आठवत नाही. समोर जागा दिसली की चाक घालायचं, मग ती जागा कुणाची का असेना. दोन्ही बाजूंच्या लोकांनी दोन्ही बाजूंचा सगळा रस्ता भरून टाकला होता आणि फाटक वर जाताच सगळे एकदम पुढे घुसले. रोज समाधान शिट्टी फुंकत, शिव्या देत त्यांना सोडवायचा. आज एवढे तास तुंबलेले लोक होते. रिक्षा रुळांवर पोचली आणि तिच्या नाकाशी कामगारांची बस येऊन टेकली. बाजूने दुचाक्या शिरल्या. मागे एक डंपर. रिक्षाला ना पुढे सरकता येईना, ना मागे.

"बाबांनो, बाई अडलीय, जरा मागं व्हा," गोजाबाई एकेकाच्या हँडलला हात लावून विनवत होत्या. लोक वाईट नव्हते. मागे व्हायला कुणालाच जागा नव्हती.

समाधान शिट्टी फुंकत होता. तिचा आवाज हॉर्नमध्ये विरून जात होता. आपण फाटक बंदच ठेवलं असतं तर ही निदान रस्त्यावर असती, रुळांवर नसती, एवढंच त्याच्या डोक्यात घणघणत होतं.

तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला.

सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता. मांडवातल्या प्रत्येकाने मान वळवली. गाडी सोडायची असली तरच तो फोन वाजतो, हे त्यांच्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि संपावरचा माणूस तो उचलत नाही, हेही.

समाधान केबिनकडे धावला. दारात त्याने दौलतरावांकडे पाहिलं. दौलतराव उभे राहिले होते.

त्याने फोन उचलला.

"गेटवर कुणी आहे का? इंजिन सोडतोय. गेट बंद आहे ना?" आवाज ओळखीचा नव्हता. कुणीतरी अधिकारी होते.

"साहेब, सोडू नका. गेट उघडं हाय. रुळावर गाड्या अडकल्यात. पोटुशी बाई हाय रिक्षात."

"कोण बोलतंय? रस्त्यावरचं कुणी बोलत असेल तर मला ते धरता येत नाही. संपवाले काहीही सांगतात. गेटमन ड्यूटीवर आहे का, तेवढं सांगा."

समाधानने खिडकीतून पाहिलं. रिक्षाच्या बाजूने पूनमचा हात बाहेर लोंबत होता.

"समाधान कांबळे, गेटमन," तो म्हणाला. "ड्यूटीवर हाय."

पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला.

"शाबास. इंजिन थांबवून धरतो. रूळ मोकळे झाले की गेट बंद करून कळवा. तुमचं गेट चालू झाल्याचं वर कळवतो मी."

तो बाहेर आला तेव्हा मांडव रिकामा होता. दौलतराव बसच्या ड्रायव्हरला हाताने मागे घेत होते आणि संपकरी दुचाक्या उचलून कडेला ठेवत होते. मग त्यांनी रिक्षाला दोन्ही बाजूंनी हात घातले, पूनमसकट ती उचलली आणि दुचाक्यांच्या मधून पलीकडच्या मोकळ्या तुकड्यात नेऊन ठेवली. गोजाबाई धावत जाऊन आत बसल्या. रिक्षा गेली. ती वेळेत पोचेल की नाही, हे त्या घटकेला कुणालाच सांगता आलं नसतं.

संपकऱ्यांनी उरलेल्या गाड्याही रुळांवरून हटवल्या. समाधानने हँडल उलटं फिरवलं. फाटक खाली आलं. त्याने कुलूप लावलं, केबिनमध्ये जाऊन फोन केला आणि घोकलेल्या शब्दांत सांगितलं, फाटक बंद. साहेबांनी गाडी सोडल्याचा नंबर दिला. तो त्याने घेतला. ड्यूटीवरच्या माणसाला दुसरं काही करता येत नव्हतं.

इंजिन लांबूनच दिसलं. संपकरी फाटकापाशी गोळा झाले होते. कुणी घोषणा दिली नाही. गाडी जाताना गेटमनने हिरवा झेंडा धरायचा असतो, म्हणून समाधान झेंडा घेऊन रुळांकडे तोंड करून उभा राहिला. वाऱ्याने झेंडा काठीला गुंडाळला जात होता. मांडवावरचा फोटो त्याच्या मागे होता. वळून बघायची त्याच्यात हिंमत नव्हती.

दौलतराव त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी झेंड्याचं टोक धरून कापड सरळ केलं.

"नीट धर," ते म्हणाले. "इंजिनातल्या माणसाला दिसला पाहिजे."