हिरव्या रेघेच्या आतली गावं

नकाशांच्या कचेरीत त्याला सगळे रेघोबा म्हणत. सरळ, बारीक रेघ ओढावी तर त्यानेच. वरच्या मजल्यावर खिडकीशी त्याचं उतरतं टेबल होतं. दुपारी उन्हाने खोली पेंगुळली की त्याला वाटे, आपण कागदावर वाकलेलो नाहीच. फार उंचावरून तरंगत मुलुख बघतो आहोत. नदी निळ्या दोऱ्यासारखी, डोंगर मुंगीच्या पायांएवढ्या रेघांचे. हूं की चूं नाही. त्या शांततेची त्याला चटकच लागली होती.

सरकार समुद्रापलीकडचं, साहेबही तिकडचाच. एके वर्षी साहेबाने जंगलांभोवती हिरवी रेघ ओढायला सांगितली. रेघेच्या आतलं लाकूड, पाला, पाणी, सगळं सरकारचं. रेघोबाने जीव ओतून ती ओढली. साहेब "सुंदर" म्हणाला, आणि रेघोबाचे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत.

सुट्टीत तो थोरल्या बहिणीकडे गेला. दाजी कुंभार. अंगणात कच्ची मडकी रांगेने उभी होती आणि भट्टी गार.

"ताई, भट्टी का नाही पेटवली?"

"कशाने पेटवू? तुझ्या दाजींच्या बडबडीने?" ताई म्हणाली. "मी वाळक्या फांद्या आणायला गेले, तर रखवालदाराने कोयता काढून घेतला. दिवसभर चौकीत उभं केलं. म्हणे, रेघेच्या आत शिरलीस. मी म्हटलं, मेल्या, दाखव की कुठाय रेघ! तर म्हणतो, कचेरीत आहे."

"ज्या कुणी ओढली असेल ना..." दाजींनी तोंड उघडलं.

रेघोबाने हातातला घास ताटात ठेवला. "मी ओढली," तो म्हणाला.

मग ताईने त्याच्या ताटात वाढलं. "चांगलीच ओढली असशील," ती म्हणाली. त्यापेक्षा तिने एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं.

कचेरीत आता गावोगावचे अर्ज त्याच्या टेबलावर यायला लागले. अमकी जागा रेघेच्या आत की बाहेर, एवढंच त्याने लिहायचं. कुणाचा झरा आत, कुणाचं कुरण, कुणा वैद्याची मुळ्यांची जागा. 'आत' लिहिलं की अर्ज फेटाळला. प्रत्येक गावाला वाटे, आपलंच नशीब फुटकं, आपलाच रखवालदार खडूस. रेघोबाने एका जुन्या नकाशावर अर्ज करणाऱ्या गावागणिक लाल ठिपका द्यायला सुरुवात केली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वर्षभरात त्रेचाळीस ठिपके झाले. दुपारच्या गुंगीत ते हलल्यासारखे दिसत, आणि टेबलावरून दबकी कुजबुज ऐकू येई.

तो नकाशा त्याने सदऱ्याखाली गुंडाळून ताईकडे नेला. तिला अक्षर येत नव्हतं. पण नदीच्या वळणावरून अंदाज घेत तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे आपण?"

"हो."

"आणि हे बाकीचे?"

"त्यांचंही आपल्यासारखंच."

ताई कितीतरी वेळ बघत राहिली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "आणि आम्ही आपले एकेकटे रडत बसलोय!"

मडक्यांच्या टोपलीत तळाशी घालून तिने तो नकाशा बाजारोबाजारी नेला. वर्ष सरायच्या आत एका धुकट सकाळी त्रेचाळीस गावं एकदम जंगलात शिरली. धुक्यात माणसं झाडांसारखी आणि झाडं माणसांसारखी दिसत होती. मागणं एवढंसंच: लाकूड आणि पाणी. शिपायांनी गोळ्या झाडल्या. ताईच्याच गावचा परीट झऱ्याकाठी पडला. त्या दिवसानंतर लाकडाबद्दल कुणी बोलेना. "आमच्या रानात आम्हाला मारणारे हे कोण?" एवढाच प्रश्न राहिला. तो प्रश्न शहरात गेला, गिरण्यांत गेला, बंदरात गेला.

नकाशा पकडला गेला. साहेबाने तो टेबलावर पसरला. "हा हात तुझाच. आम्ही तुला काय कमी केलं होतं?"

"मला काही कमी नव्हतं, साहेब," रेघोबा म्हणाला. "तीच तर चूक झाली."

सहा वर्षं त्याने तुरुंगात खडी फोडली. सुटला तेव्हा हात कापत होता. रेघ कायमची गेली. बाहेर लढा त्याच्यावाचून वाढला होता, आणि आणखी तीन वर्षांनी ते सरकार खरोखरच गेलं.

त्या दिवशी सगळं गाव जहाजं बघायला बंदरावर पळालं. रेघोबा आणि ताई परटिणीकडे गेले. ती अंगणात एकटीच चादरी धूत होती.

"गेले?" तिने विचारलं.

"गेले," ताई म्हणाली.

"बरं झालं." परटिणीने ओल्या चादरीचं एक टोक रेघोबाच्या हातात दिलं. "धर घट्ट, पिळायचीय."